गावभागातल्या जुन्या घराची नवी बाथरूम: वर्षभर वापरल्यावर

सांगलीत जुन्या घराची बाथरूम नव्यानं करून घ्यायची असेल, तर आमचं काम ज्या जोडीनं केलं त्यांनाच बोलवा असं मी मनापासून सांगेन. एक गवंडी मिस्त्री आणि एक प्लंबर, दोघं मिरजेकडचे, बरीच वर्षं एकत्र कामं करणारे. नाव-नंबर इथं टाकत नाही, कारण हातात आहेत तेवढीच कामं पुरी पडेनात असं त्यांनीच सांगितलंय. पण काम कसं झालं ते नीट लिहिते. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत तरी काय विचारायचं, कुठं उभं राहून बघायचं, एवढं तरी त्यातून कळेल.

पावसाळा, दिवाळी, उन्हाळा सगळं होऊन गेल्यावर लिहितेय. पहिल्या महिन्यात कुठलीही बाथरूम चांगलीच दिसते. ओल, वास, सांध्यातला काळेपणा हे सगळं नंतर उगवतं.

घर आमचं गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, तळमजल्यावर. भिंती जाडजूड, जुन्या चुन्यातल्या. माणसं पाच: सासूबाई, ज्यांना आम्ही आईच म्हणतो, आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी आणि शाळेतला मुलगा. माझी शाळा सकाळची. ह्यांचं हळदीचं काम, मार्केट यार्डात. म्हणजे सकाळी सहा ते आठ बाथरूमसमोर रांग, आणि संध्याकाळी हे गोदामातून आले की अंगावरची सगळी हळद धुऊन निघणार ती इथंच. जागा पाच बाय आठ फूट. मागच्या अंगणात एक जुना भारतीय पद्धतीचा संडास आहे, तो तसाच ठेवायचा होता. पण आईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, रात्री अंगणात जाणं त्यांना जमत नाही. आत कमोड हवाच होता.

आधी सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र काढून दिलं. दिसायला सुरेख: काचेचं पार्टिशन, भिंतीला टांगलेला कमोड, मोठाल्या चकचकीत टाइल्स, वरून पावसासारखा पडणारा शॉवर. पण त्या चित्रात बादली ठेवायला जागा नव्हती. आमच्या घरात आई स्टुलावर बसून, बादली आणि तांब्या घेऊन अंघोळ करतात. दिवाळीला अभ्यंगस्नान म्हणजे पाटावर बसवून पाठीला उटणं लावणं. मुलं शॉवर वापरतात, पण तेही नळाला पाणी असेल तेव्हा. आलेल्या माणसानं यातलं एकही विचारलं नाही. कोण कशी अंघोळ करतं हे न विचारता बाथरूमचं चित्र काढता येतं हेच मला पटत नाही.

मिस्त्री आले तेव्हा त्यांनी टेप काढायच्या आधी हेच विचारलं. "वहिनी, बसून अंघोळ कोण करतंय? गरम पाणी कुठनं येतंय? सकाळी एका टायमाला किती जणं?" मग आईंना म्हणाले, "आज्जी, जरा उठून दाखवा बघू, हात कुठं टेकताय?" आई खुर्चीवरून उठल्या, त्यांचा हात भिंतीवर जिथं सहज गेला तिथं त्यांनी खडूनं खूण केली. तो खडूचा ठिपका पुढं आधाराच्या दांडीचा झाला.

त्या दांडीचं काम मुद्दाम सांगण्यासारखं आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीत खुंटी धरत नाही, भुगा होऊन बाहेर येते. माणसाचं वजन झेलायची दांडी तिथं नुसती भोक पाडून बसवली तर ती आहे या भरवशावर हात टाकणारं माणूसच पडणार. मिस्त्रींनी प्लास्टरच्या आधी त्या दोन जागी भिंत कोरून आत काँक्रीट भरलं, ते पक्कं होऊ दिलं आणि टाइल लागल्यावर त्यातच फास्टनर ठोकून स्टीलची दांडी बसवली. मी स्वतः तिला लोंबकळून बघितलं. टॉवेल टांगायची नळी आणि आधाराची दांडी या वेगळ्या वस्तू आहेत. दुकानात दोन्ही एकाच रांगेत लावलेल्या असतात म्हणून सांगते.

मांडणीत त्यांनी पहिला निर्णय घेतला तो बेसिन बाहेर काढायचा. बाथरूमच्या दाराशेजारी बोळात बेसिन आणि आरसा. एक जण आत असताना दुसऱ्याचे दात घासून होतात, तिसरा दाढी करतो. सकाळची रांग निम्म्यावर आली ती एवढ्या एका गोष्टीनं. आत दाराजवळ कमोड, तो भाग कोरडा. पलीकडं खिडकीच्या भिंतीला अंघोळीची जागा, तो ओला. मध्ये काच नाही. आमच्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, काचेवर पांढरे डाग धरतात आणि ते घासायचं काम शेवटी घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतं. पाच बाय आठमध्ये काच लावली की आईंना आंघोळ घालायला शेजारी उभं राहायलाही जागा उरली नसती. त्याऐवजी एक साधा पडदा आहे, मुलं शॉवर घेताना ओढतात.

आता जमिनीचं काम, ज्यासाठी मी या माणसांना सगळ्यात जास्त मानते. जुनी फरशी उखडल्यावर खाली जुना ट्रॅप, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालचं सांडपाण्याचं वळण, फुटलेला निघाला. न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं भरावात मुरत होतं आणि माजघराच्या भिंतीला जी ओल यायची, रंगाचे पापुद्रे सुटायचे, त्याचं मूळ तिथं होतं. आम्ही दर दोन दिवाळ्यांना ती भिंत रंगवत होतो. मिस्त्रींनी प्लास्टर विटेपर्यंत काढलं, भिंत सुकू दिली, नवं प्लास्टर वॉटरप्रूफिंगचं द्रावण घालून केलं. खाली विटांचे तुकडे घालून कोबा. त्यावर सिमेंट आणि रसायन एकत्र करून लावायचा लेप, दोन हात, एक उभा आणि एक आडवा, पहिला वाळल्यावरच दुसरा. जमीन आणि भिंत जिथं मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता गोलाई देऊन घेतला, कारण तडा पहिल्यांदा तिथंच जातो. अंघोळीच्या बाजूला लेप माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत, बाकी भिंतींना फूटभर.

मग पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबून पाणी भरून ठेवलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारली. निदान दोन दिवस पाणी तसंच उभं राहिलं पाहिजे. रेघेपासून पाणी जेमतेम हललं, तेवढं हवेनं उडणारच. पलीकडच्या भिंतीला हात लावून बघितला, कोरडी. तेव्हाच टाइल लावायला सुरुवात झाली. कुणी घाई करून ही पायरी गाळत असेल तर तिथंच काम थांबवा. वर टाइल बसली की खालचं काही दिसत नाही आणि दुरुस्तीला पुन्हा सगळं उखडण्यावाचून मार्ग नसतो.

ढाळ. मिस्त्रींच्या भाषेत कोरड्या भागाला फुटाला एक सूत, अंघोळीच्या भागाला दीड सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. याहून कमी ढाळ दिला तर पाणी रेंगाळतं, फार दिला तर म्हाताऱ्या माणसाचा पाय तिरका पडतो आणि स्टूलही डगमगतं. ट्रॅप मध्यभागी न घेता खिडकीखालच्या कोपऱ्यात घेतला, म्हणजे बसायच्या जागेत जाळी येत नाही आणि सगळा ढाळ दारापासून एकाच दिशेला पळतो. टाइल बसवताना ते तासातासाला तांब्याभर पाणी ओतून बघायचे. एका ठिकाणी, कमोडच्या मागं, तळहाताएवढं पाणी थबकलं. मला ते दिसलंही नव्हतं. त्यांनी ओल्या मसाल्यातच ती टाइल उचलून पुन्हा बसवली. आता शेवटचा माणूस अंघोळ करून बाहेर आला की आमचा चहा होईपर्यंत जमीन कोरडी झालेली असते. वायपर भिंतीला टांगलेलाच राहतो.

जमिनीला टाइल्स एक बाय एकच्या, खरबरीत, मॅट. दुकानदार दोन बाय दोनच्या घ्या म्हणून मागं लागला होता, सांधे कमी दिसतात म्हणून. पण मोठी टाइल ढाळाला नीट वळत नाही, कापावी लागते, आणि ओल्या पायाला पकड असते ती बऱ्याच अंशी सांध्यांचीच. भिंतीला हलक्या सायीच्या रंगाच्या, एक बाय दोनच्या, आडव्या. त्याच दुकानातून आलेल्या पेट्यांमध्ये दोन पेट्या निराळ्या लॉटच्या निघाल्या. डिझाइन तेच, रंगात किंचित फरक. पेटीवर शेड आणि लॉट छापलेला असतो. मिस्त्रींनी तो फोडायच्या आधी वाचला म्हणून पेट्या परत गेल्या, नाहीतर भिंतीच्या मधोमध पट्टा दिसला असता. दुकानदारानं बदलून दिल्या, पण दुकानाच्या खेपा आम्हालाच घालाव्या लागल्या.

सांध्यांचं ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला, हा आमच्या घरात वेगळाच विषय. हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे हळदीचं काम करणाऱ्या कुठल्याही घरात ठाऊक असतं. जुन्या बाथरूममध्ये पांढऱ्या सिमेंटचे सांधे पिवळे, मग तांबूस झाले होते. कितीही घासलं तरी निघत नव्हते, कारण सिमेंटचा सांधा पाणी आणि रंग दोन्ही पितो. यावेळी जमिनीला आणि भिंतीच्या खालच्या तीन फुटांना इपॉक्सी ग्राउट घेतलं, म्हणजे सिमेंटऐवजी रसायनाचं, पाणी न पिणारं, करड्या रंगाचं. महाग पडतं. पण वर्षभर रोज हळद धुऊन सांधे जसे होते तसे आहेत. कधी पिवळी झाक आलीच तर खिडकीतून येणाऱ्या उन्हानं ती आपोआप फिकटते. फक्त हे ग्राउट भरताना टाइलवर त्याचा थर राहून देता कामा नये, आणि इथं मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं हयगय केली. दाराजवळच्या काही टाइल्सवर धुरकट चट्टे राहिलेत. वाळल्यावर ते निघत नाहीत. दोनदा येऊन घासून दिलं, पूर्ण गेले नाहीत ते नाहीतच.

प्लंबरचं काम शांत आणि स्वच्छ. जुन्या लोखंडी पाइपांना आतून गंज धरून भोक करंगळीएवढं उरलं होतं. सगळे काढून टाकले. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप, गच्चीवरच्या सोलरपासून खाली येईपर्यंत. पाण्याच्या दोन वेगळ्या लाइनी केल्या: अंघोळीला आणि बेसिनला महापालिकेचं कृष्णेचं पाणी टाकीतून, फ्लशला आणि फरशी धुवायच्या नळाला बोअरचं. केसांना, साबणाला आणि नळांच्या तोंडांना यानं केवढा फरक पडतो ते वापरल्यावर कळतं. फ्लश दुहेरी बटणाचा, तीन आणि सहा लिटरचा. प्लास्टरच्या आत पाइप गाडायच्या आधी हातपंपानं दाब देऊन रात्रभर ठेवलं, सकाळी काटा होता तिथंच होता.

पाणी नळाकडून शॉवरकडं वळवणारा, भिंतीच्या आत लपवायचा डायव्हर्टर मला हवा होता, दिसायला सुटसुटीत असतो. त्यांनी विरोध केला. क्षाराच्या पाण्याचा थोडा अंश कुठं ना कुठं येतोच, आतली कार्ट्रिज कधीतरी बदलावी लागते आणि तेव्हा ते मॉडेल बाजारात नसेल तर टाइल फोडायची वेळ येते. बाहेर दिसणारा पितळी वॉल मिक्सर पान्यानं उघडता येतो. मी ऐकलं, आणि आता तो मिक्सरही मला आवडायला लागलाय. टांगता कमोडही त्यांनीच नको म्हटला: जुनी भिंत, आणि आत लपलेली टाकी दुरुस्त करायला जागा अपुरी. जमिनीवरचाच घेतला, पण नेहमीपेक्षा उंच बैठकीचा. आई एकट्या उठतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली जी प्रत्येकानं करून घ्यावी. टाइल लागायच्या आधी चारही भिंतींचे फोटो काढले, प्रत्येक पाइपाशेजारी टेप धरून, म्हणजे दारापासून किती आणि जमिनीपासून किती हे आकडे फोटोत वाचता येतात. पुढं साबणाचं कपाट लावताना ड्रिल कुठं चालवायचं नाही ते आम्ही त्या फोटोवरून ठरवलं.

गावभागात राहणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी वाढायला लागलं की आमच्याकडं रस्त्यावर यायच्या आधी ते न्हाणीच्या जाळीतून आणि कमोडमधून वर येतं, कारण गटारं आधी भरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा घरात जे आलं ते नुसतं नदीचं पाणी नव्हतं, गटाराचं होतं. २०२१ ला पुन्हा तेच. या वेळी घराचं चेंबर, म्हणजे सांडपाण्याचा झाकणाचा हौद, गटाराला मिळतं तिथं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. पाणी बाहेर जातं, उलट येऊ लागलं की झडप मिटते. खरा पूर दारातून आत शिरतो तेव्हा याचा उपयोग नाही, हे प्लंबरनं आधीच स्पष्ट सांगितलं. झडप मिटलेली असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही, म्हणून त्या वेळात अंघोळ आणि फ्लश बंद ठेवायचं. पण जोराच्या पावसात गटार तुंबून घाण घरात येणं मात्र थांबलं. यंदाच्या पावसाळ्यात दोनतीन वेळा रस्ता भरला, न्हाणी कोरडी राहिली. चेंबरचं झाकण उघडून झडपेत केस, पिशव्या अडकल्यात का ते पावसाआधी बघावं लागतं, ते काम ह्यांनी अंगावर घेतलंय.

सौंदर्याचं म्हणाल तर मला सगळ्यात आवडते ती वस्तू दुकानातली नाही. जुन्या न्हाणीत काळ्या दगडाची एक शिळा होती, आईंच्या सासूबाईंच्या वेळची, पाय घासून घासून वरून मऊ झालेली पण निसरडी न झालेली. राडारोड्यात जाणार होती. मिस्त्रींनीच ती बाजूला काढली, कडा साफ केल्या आणि नळाखाली जमिनीच्या पातळीत बसवली. भरलेली बादली तिच्यावर आपटली तरी टाइल फुटायची भीती नाही. ओली झाली की तिचा काळा रंग असा खुलतो, आणि भोवती सायीच्या भिंती, करडे सांधे. पाहुणे आले की पहिली नजर तिच्याकडंच जाते. आई स्टूल तिच्याजवळ ओढून बसतात आणि टाच तिच्यावर घासतात, पूर्वीसारखी.

वीज आणि हवा थोडक्यात. सोलरला ढग आडवे आले की पर्याय म्हणून पंधरा लिटरचा गिझर, त्याला सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट, अर्थिंग तपासलेलं आणि मीटरजवळ तीस मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. दिव्यांची बटणं बाहेर. खिडकीत सहा इंची एक्झॉस्ट पंखा. तो मला अजून मोठ्या आवाजाचा वाटतो, रात्री आई उठल्या की सगळं घर जागं होतं, बदलणार आहे. दार बाहेर उघडणारं आणि कडी अशी, की गरज पडली तर बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येते. आत कुणी पडलं आणि दाराला आडवं आलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, म्हणून. उंबरा ग्रॅनाइटचा, जेमतेम अर्धा इंच, कड गोल केलेली.

तक्रारी. वेळेच्या बाबतीत ही जोडी पक्की नाही. मिस्त्रींच्या गावची यात्रा आली आणि काम जागच्या जागी राहिलं, फोनही लागेना. पाच माणसांनी अंगणातल्या चुलीवर पाणी तापवून आडोशाला अंघोळी केल्या, त्यात आईंचे फार हाल झाले. राडारोडा दारासमोर पडून होता, तो उचलायचं ठोक दरात धरलेलं असूनही चार वेळा सांगावं लागलं. तारखा लेखी घ्या आणि शेवटचा हप्ता राडारोडा उचलल्यावरच द्या. दुसरं, चित्र काढून दाखवणं त्यांच्याकडं नाही. भिंतीवर खडूनं आखून दाखवतात, तेवढ्यावर तुम्हाला डोळ्यांपुढं आणता आलं पाहिजे. माझ्या मुलीनं कागदावर मापात आखून दिलं तेव्हा त्यांनाही बरं वाटलं.

खर्च मजुरी, टाइल्स, कमोड-बेसिन, नळ, पाइप, व्हॉल्व्ह सगळं धरून पावणेदोन लाखांच्या आसपास, सोलर आधीचाच होता तो सोडून. दुकानानं चित्रासकट सांगितलेला आकडा याच्या पुढं होता आणि त्यात जमिनीखालच्या कामाची एक ओळही नव्हती. कोटेशन हातात आलं की आधी ती ओळ शोधा: तोडफोड, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून तपासणी, ट्रॅप आणि चेंबर. टाइलचा दर त्यानंतर बघता येतो.

कामाला पाचपैकी साडेचार, वेळेला तीन. बोलवायचं तर दिवाळीनंतर बोलवा. चुन्याच्या भिंती तेव्हा चांगल्या सुकलेल्या असतात, यात्रांचा हंगाम सुरू व्हायला अवकाश असतो, आणि पाऊस यायच्या आत चेंबरचं काम हातावेगळं होतं. ओळखीतल्या कुणाला नंबर हवा असेल तर संध्याकाळी घरी या, बाथरूमही बघून जा.